निकोलाऊ-संलक्षण : सुईनंतरच्या त्वचाकोथाची मीमांसा आणि त्याची नावे

स्नायूत सुई टोचून औषध देण्याची पद्धती आज इतकी सर्वपरिचित झाली आहे की तिच्यापासून क्वचित् संभवणाऱ्या अपायांचा विचार सामान्यतः कोणी करीत नाही. टोचलेल्या जागी दुखणे, गाठ येणे किंवा ती जागा पिकणे हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु याहून निराळा, विरळ आणि बराच गंभीर असा एक विकार वैद्यकाच्या वाङ्मयात सुमारे शंभर वर्षांपासून नोंदला गेला आहे. या विकारात टोचलेल्या जागेभोवतीची त्वचा, तिच्याखालील मेद आणि प्रसंगी स्नायूही, रक्तपुरवठा तुटल्यामुळे मृत होतात. 'निकोलाऊ-संलक्षण' हे त्याचे आज रूढ असलेले नाव. त्याला आणखीही नावे आहेत, आणि ती एकमेकांचे केवळ पर्याय नाहीत. विकाराविषयी प्रत्येक नावाचे म्हणणे वेगळे आहे. व्याधीचे स्वरूप, तिची कारणमीमांसा आणि तिचे नामकरण यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

(१) लक्षणांचा क्रम

या विकाराची ओळख त्याच्या लक्षणांपेक्षाही त्या लक्षणांच्या क्रमावरून अधिक निश्चितपणे पटते. पहिले लक्षण म्हणजे वेदना. ती औषध आत जात असतानाच किंवा सुई बाहेर काढताच सुरू होते आणि नेहमीच्या ठणक्याच्या मानाने असाधारण तीव्र असते. त्याच सुमारास टोचलेल्या जागेभोवतीची त्वचा पांढुरकी पडते, कारण तेथील रक्त ओसरलेले असते. यानंतर काही वेळाने त्या पांढुरक्या भागावर लाली चढते आणि पुढे निळसर-जांभळ्या रेषांचे जाळे उमटू लागते. या डागाची कड वेडीवाकडी असते आणि त्याची आकृती एखाद्या झाडाच्या फांद्यांसारखी किंवा मासेमारीच्या जाळ्यासारखी दिसते. एखाद्या रोहिणीच्या शाखा त्वचेत जशा पसरलेल्या असतात, तशीच ही आकृती पसरते, आणि विकाराचे मूळ रक्तवाहिनीत असल्याची पहिली खूण तीच होय.

येथपर्यंत आलेला विकार कधी कधी थांबतो व डाग हळूहळू मावळतो. पुष्कळ प्रसंगी मात्र पुढील काही दिवसांत तो भाग काळवंडतो, त्यावर फोड येतात, कडक काळी खपली धरते आणि ती सुटल्यावर खाली खोल व्रण उरतो. तो भरून येण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात आणि त्या जागी खोलगट वण कायमचा राहतो. नितंबात दिलेल्या सुईनंतर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला इजा पोहोचून पाय लुळा पडल्याची, तसेच मलमूत्रविसर्जनावरील ताबा सुटल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. लहान मुलांत हा धोका विशेष असतो. त्यांचे स्नायू लहान आणि रोहिण्या जवळजवळ असल्याने संपूर्ण पायाचा रक्तपुरवठा संकटात येऊ शकतो.

त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तिचे दोन्ही थर मृत झालेले आणि बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजलेल्या आढळतात. जंतुसंसर्गात अपेक्षित असलेला पुवाचा संचय प्रारंभी नसतो. तो पुढे मृत ऊतीत जंतू शिरल्यास होतो.

(२) इतिहास

या विकाराचा प्रारंभ उपदंशाच्या चिकित्सेच्या इतिहासाशी निगडित आहे. उपदंशाचा जंतू १९०५ साली शाउडिन आणि होफमान यांनी दाखविला. १९१० साली एर्लिख यांचे साल्व्हर्सान हे आर्सेनिकयुक्त औषध व्यवहारात आले. १९२१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सझराक आणि लेव्हादिती यांनी बिस्मथ या धातूची संयुगे उपदंशावर गुणकारी असल्याचे प्रतिपादिले आणि अल्पावधीत ती युरोपभर वापरली जाऊ लागली. ही संयुगे पाण्यात सहसा विरघळत नसत. म्हणून त्यांचे सूक्ष्म कण तेलात मिसळून ते मिश्रण नितंबाच्या स्नायूत टोचीत असत.

१९२४ साली ब्रेस्लाउ येथील त्वचारोगतज्ज्ञ वाल्टर फ्रॉइडेंथाल यांनी अशा सुईनंतर टोचलेल्या जागी उमटलेल्या विशिष्ट डागाचे वर्णन केले. बिस्मोगेनॉल हे तेव्हाच्या एका बिस्मथयुक्त औषधाचे नाव. त्या औषधाचे कण रोहिणीत जाऊन अडकल्यामुळे हा डाग येतो, असे मत त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच ग्रथित केले होते. पुढल्याच वर्षी, १९२५ साली, रुमानियातील त्वचारोगतज्ज्ञ श्तेफान निकोलाऊ यांनी फ्रेंच भाषेत असाच एक प्रसंग वर्णिला. नितंबाची त्वचा निळसर जाळीदार होऊन पुढे तिचा कोथ होतो, असे त्यांच्या शीर्षकात प्रथम सांगितले आहे. बिस्मथमुळे रोहिणी बंद झाल्याचा उल्लेख त्यानंतर उपशीर्षकात येतो. अग्रक्रमाचा विचार केला तर मान फ्रॉइडेंथाल यांच्याकडे जातो, आणि म्हणून काही लेखक 'फ्रॉइडेंथाल-निकोलाऊ' असे जोडनाव वापरतात. तथापि व्यवहारात निकोलाऊ हेच नाव स्थिरावले.

निकोलाऊ या नावाबाबत एक सावधगिरी अवश्य आहे. रुमानियात श्तेफान निकोलाऊ या नावाचे दुसरेही एक शास्त्रज्ञ होऊन गेले. ते विषाणुशास्त्रज्ञ होते (१८९६–१९६७), आणि १९२० नंतरच्या दशकात त्यांनी पाश्चर संस्थेत त्याच लेव्हादितींबरोबर संशोधन केले. एकाच काळातील, एकाच देशातील आणि एकाच नावाच्या या दोन व्यक्तींची गल्लत होणे सहजशक्य आहे. व्यक्तिनामावर आधारलेल्या संज्ञेचा हा एक अंगभूत दोष म्हणता येईल.

(३) औषधांचा विस्तार

१९४३ साली उपदंशावर पेनिसिलिनचा प्रयोग यशस्वी झाल्यावर बिस्मथचा वापर ओसरला. त्याबरोबर हा विकारही इतिहासजमा व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. स्नायूत टोचावयाच्या पेनिसिलिनच्या चिरपरिणामी प्रकारांनंतरही तोच लक्षणक्रम दिसू लागला. बेंझाथिन पेनिसिलिन हेही अविद्राव्य कणांचे मिश्रणच असल्याने, कण अडकून रोहिणी बंद होते ही कल्पना तेथेही लागू पडत होती.

पुढे मात्र यादी अशी वाढत गेली की ही कल्पना अपुरी वाटू लागली. डायक्लोफिनॅक व तत्सम वेदनाशामके, स्थानिक बधिरीकरणाची औषधे, कॉर्टिकोस्टेरॉइडे, काही जीवनसत्त्वे, इंटरफेरॉन आणि विरळपणे लसी, यांच्यानंतरही हा विकार नोंदला गेला. अलीकडील नोंदींत डायक्लोफिनॅकचा उल्लेख वारंवार येतो आणि त्यांपैकी कित्येक नोंदी भारतातील आहेत. हे औषध बिस्मथसारखे कणमय नसून स्वच्छ द्रावण आहे. शिवाय हा विकार केवळ स्नायूतील सुईपुरता मर्यादित नाही. त्वचेखाली किंवा सांध्यात दिलेल्या सुईनंतरही तो आढळला आहे.

(४) कारणमीमांसा

नेमके काय घडते याविषयी अद्यापि एकमत नाही. तथापि मांडण्यात आलेल्या उपपत्ती मुख्यतः तीन आहेत.

पहिली उपपत्ती अंतःशल्याची. सुईचे टोक अनवधानाने बारीक रोहिणीत शिरते, औषध थेट प्रवाहात जाते आणि त्याचे कण पुढील अरुंद शाखांत अडकतात. बिस्मथ आणि बेंझाथिन पेनिसिलिन यांच्या बाबतीत ही उपपत्ती समाधानकारक वाटते. द्रावणाच्या बाबतीत मात्र ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.

दुसरी उपपत्ती रोहिणीच्या आकुंचनाची. सुई रोहिणीत न शिरता तिच्या अगदी निकट गेली, तरी तीव्र वेदनेमुळे किंवा औषधाच्या क्षोभामुळे अनुकंपी मज्जातंतू उत्तेजित होतात आणि रोहिणी आकसते. हे आकुंचन टिकून राहिले तर पलीकडील ऊती मरतात. टोचताक्षणी त्वचा पांढरी पडते, या लक्षणाचा उलगडा या उपपत्तीने चांगला होतो. शीतोपचाराने काही रुग्णांचा विकार बळावल्याचे जे सांगितले जाते, तेही तिच्याशी जुळते, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतातच.

तिसरी उपपत्ती औषधाच्या रासायनिक परिणामाची. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यांपैकी काही द्रव्ये रक्तवाहिन्या प्रसृत ठेवण्याचे कार्य करीत असल्याने त्यांच्या अभावी आकुंचनाला वाव मिळतो. याखेरीज काही औषधे रक्तवाहिनीच्या भित्तीला प्रत्यक्ष इजा करून तेथे दाह व गुठळी उत्पन्न करीत असावीत.

या तीन उपपत्ती परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. औषधानुरूप एकीचा अंश कमी व दुसरीचा अधिक असू शकेल. एवढे मात्र स्पष्ट आहे की सर्वांचा शेवट एकच, स्थानिक रक्तपुरवठ्याचा खंड, आणि त्यामागे नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नाही. ॲलर्जी ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची विशिष्ट द्रव्याविरुद्धची प्रतिक्रिया असून ती सर्वांगावर प्रकटते. अंगावर गांधी उठतात, श्वास अडतो, रक्तदाब घसरतो. प्रस्तुत विकारात अपाय होतो तो त्या विशिष्ट जागेला.

(५) नावांचे तीन वर्ग

आता नावांकडे वळू. या विकाराच्या नावांचे तीन वर्ग पडतात : कारणवाचक, वर्णनपर आणि व्यक्तिनामाधिष्ठित.

'एम्बोलिया कुटिस मेडिकामेंटोझा', म्हणजे औषधजन्य त्वचा-अंतःशल्यता, हे लॅटिन नाव पहिल्या वर्गातील. 'एम्बोलिया' हा शब्द आत घुसविलेली पाचर किंवा गुडदी या अर्थाच्या ग्रीक धातुमूलाशी संबद्ध आहे. रक्तप्रवाहातून वाहत येऊन वाहिनी बुजविणारी वस्तू या अर्थी तो १८४० नंतरच्या दशकात फिर्खो यांनी रूढ केला. म्हणजे हे नाव उच्चारणारा मनुष्य, त्याला अभिप्रेत असो वा नसो, पहिल्या उपपत्तीचा पुरस्कार करून बसतो. द्रावणरूप औषधापासून झालेल्या विकारालाही हेच नाव दिले की सिद्ध न झालेली गोष्ट नावाच्या आडून सिद्धवत् होते.

'लिव्हेडो' या लॅटिन शब्दाचा अर्थ निळसरपणा. त्यापासून झालेले 'लिव्हेडॉइड डर्मटायटिस' हे नाव दुसऱ्या वर्गातील. ते डोळ्यांना दिसते तेवढेच सांगते. कारणाविषयीचे मत बदलले तरी या नावाला बाध येत नाही. मात्र निळसर जाळे उमटणारे विकार अनेक असल्याने ते पुरेसे व्यवच्छेदक नाही. वर्णनपर नाव कधी कधी रूपकाचाही आश्रय करते. जीवनसत्त्व 'के'च्या सुईनंतर नितंब व मांडी येथील त्वचा कठीण होण्याचा जो निराळा विकार टेक्सिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली फ्रान्समध्ये वर्णिला, त्यातील पट्ट्यांच्या आकृतीला अमेरिकी गुराख्याच्या कमरपट्ट्याची व पिस्तुलाच्या म्यानाची उपमा देण्यात आली आहे. अशी उपमा ज्याने तो पट्टा पाहिला आहे त्यालाच उपयोगी.

'निकोलाऊ-संलक्षण' हे तिसऱ्या वर्गातील. त्यात कारणाचा दावा नाही, वर्णनही नाही. कारणे अनेक व अनिश्चित असताना हा तटस्थपणा सोयीचा ठरतो, आणि हे नाव टिकून राहण्याचे एक कारण तेच असावे.

नावातील उपपत्ती खोटी ठरली म्हणून नाव नष्ट होतेच असे नाही. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थ दूषित हवा. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात त्या रोगाचे जंतू दाखविल्यावरही शब्द राहिला. मराठी 'हिवताप' हा शब्द केवळ लक्षण सांगतो, म्हणून त्याला कोणत्याही शोधाची झळ लागली नाही. 'देवी' या नावात तर रोगाचे कारणच दैवी मानले होते, पण लस टोचून घेणाऱ्यालाही 'देवी काढल्या' असे म्हणण्यात विसंगती वाटली नाही. रूढ शब्दाची व्युत्पत्ती बोलणाऱ्याच्या मनात जागी नसते, हे याचे कारण. नव्याने घडविलेल्या पारिभाषिक शब्दाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्थ वाचक घटकावयवांवरूनच लावतो, आणि म्हणून ते अवयव निवडताना दक्षता हवी.

मराठीत संज्ञा योजावयाची झाल्यास 'सूचिजन्य' आणि 'औषधजन्य' ही दोन्ही विशेषणे अर्धीच सत्य ठरतील. तेच औषध पोटात घेतल्याने हा विकार होत नाही, आणि औषधावाचून नुसती सुई टोचल्यानेही होत नाही. 'सूच्युत्तर' हे विशेषण केवळ पौर्वापर्य सांगते आणि कार्यकारणभावाविषयी मौन पाळते. विशेष्य म्हणून 'त्वचाकोथ' योजावे तर कोथापर्यंत न पोहोचलेले सौम्य प्रसंग वगळले जातात. सर्व प्रसंगांना समान असे लक्षण निळसर जाळ्याचे. तेव्हा 'सूच्युत्तर जालनीलता' ही संज्ञा शास्त्रीय लेखनात व 'सुईनंतरचे निळे जाळे' हे शब्द बोलण्यात चालू शकतील. रुग्णाच्या कागदावर मात्र 'निकोलाऊ' हे नाव असणेच इष्ट, कारण पुढल्या वैद्याला त्यावरून ग्रंथांतील माहिती सापडते.

(६) 'रिअॅक्शन आली' आणि 'चालत नाही'

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. व्यवहारातील मराठीत सुईनंतरच्या बहुतेक सर्व अपायांना एकच शब्द आहे : 'रिअॅक्शन'. गांधी उठल्या, भोवळ आली, गळू झाले किंवा कातडी काळी पडली, तरी सांगणारा 'इंजेक्शनची रिअॅक्शन आली' एवढेच सांगतो. या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. ताप येतो, चक्कर येते, पुरळ येते, तशीच रिअॅक्शनही 'येते'. त्यात कर्ता औषध नाही, टोचणारा नाही आणि अपायाची जागाही नाही. जुना 'बाधणे' हा धातू वापरला तर औषध कर्त्याच्या स्थानी येते खरे, पण जागा व रीत तेथेही अनुक्तच राहतात.

याहून महत्त्वाचे स्थित्यंतर पुढे घडते. 'त्याला पेनिसिलिनची रिअॅक्शन आली' हे एका घटनेविषयीचे भूतकाळी विधान. काही दिवसांनी त्याचेच 'त्याला पेनिसिलिन चालत नाही' असे रूप होते. 'चालत नाही' हे रीतिवर्तमान आहे. ते घटना सांगत नाही, स्वभाव सांगते. एका जागी, एका प्रसंगी घडलेला अपाय अशा रीतीने व्यक्तीचा आजन्म गुणधर्म होऊन बसतो, आणि तोच पुढे रुग्णपत्रिकेवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा उतरतो.

याचे मोल मोठे असू शकते. ऱ्हुमॅटिक ज्वराने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलाला तो ज्वर पुन्हा होऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनची सुई दर तीन किंवा चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे द्यावी लागते. भारतात हा रोग अजूनही आढळतो. अशा मुलाला सुईनंतर त्वचाकोथ झाला आणि त्याची नोंद ॲलर्जी म्हणून झाली, तर पेनिसिलिन कुलातील सर्वच औषधे, तोंडाने घ्यावयाचीदेखील, त्याला बंद होतात, आणि दुय्यम पर्यायावर विसंबावे लागते. उलट खरी ॲलर्जी 'टोचण्यातली चूक' समजून दुर्लक्षिली गेली तर पुढली सुई प्राणघातक ठरू शकेल. म्हणून दोन्ही बाजूंनी भेद स्पष्ट होणे अवश्य आहे.

हा भेद करण्यास रुग्णाला किंवा त्याच्या आप्तांना तीन साधे प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होते. काय झाले ते केव्हा सुरू झाले : टोचतानाच, काही मिनिटांनी, की काही दिवसांनी? कोठे झाले : टोचल्या जागी, की अंगभर? आणि प्रथम काय दिसले : कळ व पांढरा-निळा डाग, खाज व गांधी, की ताप व पू? टोचताना असह्य कळ, त्याच जागी पांढरेपणा आणि मागाहून निळे जाळे, असे उत्तर आले तर संशय निकोलाऊ-संलक्षणाकडे वळतो. निर्णय अर्थात् वैद्याचा, परंतु त्याच्यापुढे 'रिअॅक्शन' या एका शब्दाऐवजी घटनाक्रम ठेवला जातो.

(७) प्रतिबंध आणि उपचार

या विकारावर सर्वमान्य असा एक उपचार नाही. वेदनाशमन, व्रणाची निगा, जंतुसंसर्गावर नियंत्रण आणि मृत भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांवर भर असतो. आरंभीच निदान झाल्यास रक्तप्रवाह सुधारण्यासाठी पेंटॉक्सिफायलीन, हेपारिन इत्यादी औषधे वापरण्यात आली आहेत. मोठा व्रण त्वचारोपणाने झाकावा लागतो.

प्रतिबंधाचे मार्ग अधिक निश्चित आहेत. नितंबात टोचावयाचे असल्यास वरचा बाहेरचा चतुर्थांश निवडावा, हा जुना नियम. १९५० नंतरच्या दशकात फोन होखश्टेटर यांनी पुरस्कारिलेली कटीच्या बाजूची जागा मोठ्या रोहिण्या व मज्जातंतू यांपासून अधिक दूर असल्याने आज अनेक ठिकाणी श्रेयस्कर मानली जाते. सुई स्नायूपर्यंत पोहोचेल इतकी लांब हवी. मेदाचा थर जाड असल्यास आखूड सुईचे औषध मेदातच राहते, आणि 'स्नायूतील सुई' हे नाव तेवढ्यापुरते खोटे ठरते. एकाच जागी पुनःपुन्हा टोचू नये, एका वेळी फार मोठी मात्रा देऊ नये.

टोचण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते की काय हे पाहण्याची रीत पूर्वापार शिकविली जाते. लसीकरणात ती पाळू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले, कारण लसीसाठी ठरविलेल्या जागी मोठ्या वाहिन्या नसतात आणि दट्ट्या ओढल्याने मुलाची वेदना मात्र वाढते. नितंबात द्यावयाच्या औषधांच्या, विशेषतः बेंझाथिन पेनिसिलिनच्या, बाबतीत ती रीत अद्यापि अनेक ठिकाणी पाळली जाते. तिच्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. दट्ट्या ओढून पाहिल्यावरही हा विकार झाल्याच्या नोंदी आहेत, आणि आकुंचनाची उपपत्ती ध्यानी घेता ते अपेक्षितच आहे. टोचताना रुग्ण असह्य कळ आल्याचे सांगू लागला तर ते नेहमीचे रडगाणे न मानता तेथेच थांबावे. या विकाराची पहिली खूण रुग्णाच्या तोंडूनच कळते.

शेवटचा उपाय सुई टाळण्याचा. जे वेदनाशामक गोळीच्या रूपाने घेता येते ते केवळ लवकर बरे वाटावे म्हणून टोचून घेण्याची अथवा देण्याची प्रथा आपल्याकडे दृढ आहे. सुई टोचल्यावाचून उपचार झाल्यासारखे वाटत नाही, असे रुग्ण सांगतात आणि त्यांचे समाधान करण्यासाठी ती दिली जाते. हा विकार विरळ आहे, आणि अत्यावश्यक सुई त्याच्या भीतीने नाकारणे योग्य होणार नाही. परंतु ज्या सुईची आवश्यकताच नव्हती तिच्यानंतर उरलेल्या वणाचे समर्थन कोणत्याही उपपत्तीने करता येत नाही.